उस्मानिया, मराठवाडा आणि आपली बॅच

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सगळ्यांना शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. पावसाळ्यात गळणारा नववीचा वर्ग, गणिताच्या सरांची छडी, स्नेहसंमेलनात ऐन वेळी अडकलेला पडदा, हे बाकीचे मित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. त्यामुळे आठवण सांगायला बसलो तरी सनावळी सुटत नाही. आपल्या गुरुजनांनी ही खोड चालवून घ्यावी, कारण ती त्यांनीच लावलेली आहे.

निमित्त असे झाले. मेळाव्याच्या तयारीसाठी दिवाळीत आपण सात-आठ जण एका मित्राच्या मळ्यात जमलो होतो. त्याची नात नुकतीच बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली आहे. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "सर आजोबा, मला इतिहासात एम.ए. करायचंय. आपल्या विद्यापीठात जाऊ का पुण्याला?" झाले! सगळे म्हातारे एकदम सल्लागार झाले. एक म्हणाला, पुणेच. दुसरा म्हणाला, घरापासून जवळ बरे. तिसऱ्याने प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांचा विषय काढला. माझा शाळेतला बाकावरचा सोबती तेवढा कपातला चहा ढवळत गप्प बसला होता. मीही गप्पच होतो. आम्ही दोघे गप्प का, हे बाकीच्यांना माहीत नव्हते. ते या लेखात सांगणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे. फक्त नाव छापू नको म्हणाला.

पण सुरुवात आमच्यापासून केली तर गोष्ट अर्धीच राहील. ती माझ्या वडिलांपासून सुरू होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचा जन्म १९२४ चा. गेवराई तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीड जिल्ह्यात. चौथीपर्यंत त्यांचे शिक्षण मराठीत झाले आणि पुढे सगळे उर्दूत. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, इतिहासही उर्दूतच. घरी मराठी, शाळेत उर्दू. त्यांची सही शेवटपर्यंत दोन्ही लिपींत सारखीच सुबक येत असे. त्यांना पुढे शिकायचे होते. पुढे म्हणजे काय, तर मॅट्रिक, मग औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज, आणि पदवी हवी असेल तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. मराठवाड्यातल्या मुलाला याखेरीज फारशी दुसरी वाट संस्थानात नव्हती.

उस्मानियाबद्दल आपल्याकडे एकतर रागाने बोलतात नाहीतर बोलतच नाहीत. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला दोन्ही पटत नाही. १९१८ साली सुरू झालेले हे विद्यापीठ भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना इथे पदार्थविज्ञान, कायदा आणि वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जात होते. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे स्वतंत्र भाषांतर खाते उघडले होते. हजारो पारिभाषिक शब्द नव्याने घडवले गेले. इंग्रजीशिवाय विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना उस्मानियाने तेव्हाच उत्तर दिले होते. हे श्रेय त्या विद्यापीठाला दिलेच पाहिजे.

अडचण एवढीच की ती भारतीय भाषा आमची नव्हती. संस्थानातली निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी, साधारण चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कानडी. उर्दू मातृभाषा असलेले लोक अल्पसंख्य. परकी भाषा दूर करून स्वभाषेचे विद्यापीठ काढले, पण बहुसंख्यांच्या दृष्टीने एका परकीच्या जागी दुसरी आली. दादांचे उर्दूवर प्रेम होते, शेरही तोंडपाठ होते. पण ते म्हणायचे, "समजायचं मराठीत, लिहायचं उर्दूत. परीक्षेत निम्मा येळ त्यातच जायचा."

आजोबांनी त्यांच्यापरीने विद्यापीठ तोलून पाहिले. गावातल्या देशमुखांच्या मुनशीला विचारले. जालन्यापर्यंत बैलगाडी, तिथून मनमाड-सिकंदराबाद मार्गाची मीटरगेज गाडी. राहण्याजेवणाचा खर्च हाली सिक्क्यांत. (निजामाचा रुपया वेगळा होता हे आपल्या नातवंडांना सांगून खरे वाटत नाही. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये.) घरी कोरडवाहू जमीन आणि दादांच्या पाठीवर चार भावंडे. शिवाय १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीची बातमी ताजी होती. वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले होते. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. ज्यांना नागपूरला जाणे झेपले ते शिकले. आजोबांनी विचार केला, आपल्या पोराला काढून टाकले तर नागपूरला पाठवायचे कशाने? दादांचे शिक्षण तिथेच थांबले. ते पुढे सोसायटीत कारकून झाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी माध्यम आले. मराठवाड्यातल्या मुलांची भाषेची अडचण तशीच राहिली, फक्त भाषा बदलली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला अठराव्या वर्षी माहीत असायला हवी होती आणि नव्हती. मराठवाड्यात विद्यापीठ आले १९५८ साली. २३ ऑगस्टला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. पण विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी, १९५० च्या जूनमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. ही महाविद्यालये उस्मानियाशीच जोडलेली होती. म्हणजे मराठवाड्याला आपले विद्यापीठ मिळण्याआधी मराठवाड्यातली मुले पदवीपर्यंत नेण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत बाबासाहेब अगदी पुढे होते. मुंबईत आधीच सिद्धार्थ महाविद्यालय काढलेल्या माणसाने दुसऱ्या मोठ्या प्रयोगासाठी जागा निवडली ती औरंगाबादची. हा मागासातला मागास भाग, म्हणून इथे. १९५१ मध्ये त्या इमारतीच्या पायाभरणीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते.

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात उमेदवारी केलेले, मुंबई विद्यापीठाचा इतिहास लिहिलेले गृहस्थ. त्यांच्या हाती आले पाच जिल्हे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. विद्यापीठाला जागा मिळाली शहराच्या बाहेर, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, सातशेवर एकर. तिथे तेव्हा काय होते? माळरान.

इथे थोडे थांबून एक खुलासा करतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी या विद्यापीठाची पदवी घेतली पण विद्यापीठाच्या फाटकातून आत कधी पाऊल ठेवले नाही. आपली विद्यापीठे मुळात लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेली. शिकवणार महाविद्यालय, परीक्षा घेऊन पदवी देणार विद्यापीठ. त्यामुळे गेवराईचा किंवा किनवटचा मुलगा 'विद्यापीठाचा विद्यार्थी' असतो तो मार्कमेमोपुरता. विद्यापीठाच्या आवारातले विभाग पदव्युत्तर शिक्षणासाठी. या पद्धतीला पुष्कळ नावे ठेवली जातात आणि ती बरीचशी खरी आहेत. निकाल उशिरा लागतात, अभ्यासक्रम वीस वर्षे बदलत नाहीत, सगळा जीव परीक्षा विभागात अडकलेला. पण तालुक्याच्या गावात कॉलेज निघू शकले ते याच पद्धतीमुळे. आपल्या वर्गातल्या मुलींपैकी ज्या शिकल्या, त्या बहुतेक अशाच कॉलेजांत शिकल्या. विद्यापीठ औरंगाबादला एकाच आवारात शिकवणारे असते, तर त्यांच्यापैकी कितीजणींना घरून सोडले असते?

आता आपल्या बॅचकडे येतो.

आपण १९७६ ला दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहा अधिक दोन आले त्याची ती सुरुवातीची वर्षे. म्हणजे बारावी झालो १९७८ ला. मी आणि माझा सोबती अकरावी-बारावीला बीडला होतो. मी भाड्याच्या खोलीत, तो समाजकल्याणच्या वसतिगृहात. तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही. त्याला काय वाटत होते ते मी विचारले नाही.

निकाल लागल्यावर जूनमध्ये आम्ही दोघे औरंगाबाद पाहायला गेलो. पहाटेची एस.टी. शहागडला गोदावरीचा पूल, वडीगोद्री, पाचोड, आडूळ. त्याच्याकडे शाळेच्या वहीचा कागद होता, त्यावर दोघांनी मिळून विचारायच्या गोष्टी लिहिल्या होत्या. खानावळ किती? (महिन्याला नव्वद रुपयांच्या आसपास निघाली.) खोली कुठे? शिष्यवृत्ती कधी मिळते, वर्षाच्या सुरुवातीला की शेवटी? इतिहास आणि अर्थशास्त्र एकत्र घेता येते का? बी.ए. झाल्यावर एम.ए. इथेच करता येईल का? शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही विद्यापीठाच्या आवारात गेलो. अर्ज कुठल्यातरी कॉलेजात भरायचा होता, तिथे जायचे काही कारण नव्हते. पण पाहायचे होते.

ते प्रवेशद्वार, आतली लांब सरळ वाट, मागे डोंगरात लेणी. इतिहास विभागात एका प्राध्यापकांनी आम्हाला बसवून घेतले. भोकरदनच्या उत्खननाबद्दल सांगितले. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून १९७३ मध्ये ते केले होते. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, व्यापारी मार्गावरचे सातवाहनकालीन नगर. आमच्या एस.टी.च्या पाट्यांवर दिसणाऱ्या गावाखाली दोन हजार वर्षांचे शहर आहे, हे ऐकून मी तिथल्या तिथे ठरवले, इतिहास घ्यायचा. सोबत्यानेही तेच ठरवले. बाहेर आल्यावर आम्ही नळाचे पाणी प्यालो आणि खोली शोधायला निघालो.

पहिल्या दोन घरी जागा नव्हती. तिसऱ्या घरी होती. घरमालकिणीने आधी माझे आडनाव विचारले, मग त्याचे. मग म्हणाली, खोली कालच गेली. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "मी मिलिंदच्या होस्टेललाच ऱ्हातो. तू बघ तुझी." वहीच्या कागदावरचा 'खोली' हा शब्द त्याने खोडला. तेव्हा मला वाटले, बरे झाले, प्रश्न सुटला.

माझा अर्ज एका कॉलेजात, त्याचा मिलिंदला. दोघांनाही विद्यापीठ एकच. त्याची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आमच्या घरी होते. आमचे घर माडीचे. त्याच्या गावातले त्याचे घर पत्र्याचे, पावसात गळायचे. शुल्क भरायचे आणि मूळ कागद दाखवायचे ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. पुढच्या काही दिवसांत जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे, मात्र आपापल्या ओट्यावरून. मोर्चे, बंद, एस.टी. जाळणे. मग खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले, घरे जाळणे. माणसे मारली गेली. हजारो कुटुंबे गाव सोडून निघून गेली. बातमी आली की पोलीस पोचेपर्यंत राख झालेली असायची. शासनाने अंमलबजावणी पुढे ढकलली.

मी मोर्चात होतो. हे लिहायलाच हा लेख आहे.

दगड मारला नाही, काडी लावली नाही. पण घोषणा दिल्या. 'आपले विद्यापीठ, आपले नाव' अशा. सह्यांचे कागद घेऊन दोन दिवस बाजारपेठेत फिरलो. तेव्हाचे माझे म्हणणे मी आज खोटे करून सांगणार नाही. मराठवाडा या नावासाठी माणसे निजामाशी लढली होती. चारच वर्षांपूर्वी, १९७४ ला, मराठवाड्याच्या विकासाचे आंदोलन विद्यार्थ्यांनीच उभे केले होते. आम्हाला नोकऱ्या नाहीत, रेल्वे नाही, पाणी नाही, आता नावही जाणार, असे आम्हाला खरोखर वाटत होते. आणि ज्यांच्याबद्दल आदर होता अशा काही ज्येष्ठांनीही ठरावाला विरोध केला होता. त्यामुळे आपण योग्यच करतो आहोत याबद्दल शंका नव्हती. जळत होती ती घरेही मराठवाड्यातच होती, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री सोबती आमच्या घरी आला. एकटा, चालत. त्यांच्या गावात अजून काही झाले नव्हते, पण शेजारच्या गावात झाले होते. आईबाप आणि बहिणी नातेवाइकांकडे निघाल्या होत्या. तो कागद घ्यायला आला होता. ओट्यावर चुलते आणि गल्लीतले चार जण बसलेले. मी आतून कागदांची पिशवी आणली, खिडकीतून त्याच्या हातात दिली. कुठे जातोस, विचारले नाही. जेवलास का, विचारले नाही. औरंगाबादच्या रस्त्याला जाऊ नको, एवढे तरी सांगायला हवे होते. तेही सांगितले नाही. तो "येतो" म्हणाला आणि गेला.

त्याचे ते वर्ष गेले. मुदतीत औरंगाबादला पोचताच आले नाही. पुढच्या वर्षी, १९७९ ला, त्याने मिलिंदला प्रवेश घेतला. त्याच वर्षी नामांतरासाठी लाँग मार्च निघाला तेव्हा तो तिथेच होता.

आणि मी? मोर्च्याच्या आठवड्यानंतर एका रात्री दादा जेवताना म्हणाले, "नावाचं काय ते सरकार बघंल. तुझं वरीस वाया जायला नको." चुलतभाऊ पिंपरीला कारखान्यात होता. दादांनी मला पुण्याला पाठवले. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी मी घसा बसेपर्यंत ओरडलो, त्या विद्यापीठात मी प्रवेश घेतलाच नाही. ज्याला त्या नावावरून घर सोडावे लागले, त्याने घेतला. आपल्या वर्गातले जे जे मोर्चात होते त्यांच्यापैकी आणखी चौघे तरी त्या वर्षी बाहेर पुण्या-मुंबईला गेले. मी नावे घेत नाही. ज्याने त्याने मोजावे.

पुण्यात माझे बरे झाले. ग्रंथालये मोठी, शिक्षक चांगले. एम.ए. झालो आणि १९८३ ला नोकरी लागली ती मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या एका महाविद्यालयात. म्हणजे विद्यार्थी म्हणून टाळलेले विद्यापीठ शिक्षक म्हणून पदरात आले. पेपर तपासायला वर्षातून दोनदा त्या लांब वाटेने जाऊ लागलो. मराठवाड्यातल्या शिक्षणाचा इतिहास शिकवायची वेळ आली तेव्हा १९५० आणि १९५८ या दोन तारखा मी पहिल्यांदा शेजारी शेजारी फळ्यावर लिहिल्या. तोवर त्या मला वेगवेगळ्या माहीत होत्या. एक 'त्यांची', एक 'आपली'. त्या दिवशी तास संपायला पंधरा मिनिटे असताना मी वर्ग सोडला.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावे राहिली. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी आणि किती जीव गेल्यावर. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले आणि जुने विद्यापीठ विभागले गेले. १९५० ला कॉलेजे काढणाऱ्या दोघांची नावे आज मराठवाड्यातल्या दोन विद्यापीठांना आहेत. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. माझा स्वतःचा भाग मात्र वगळत असे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मळ्यात मी काही बोललो नाही, नंतर तिला फोन केला. तिला सांगितले ते असे. आपल्या विद्यापीठाला उणिवा आहेत, त्या मी आतून पाहिल्या आहेत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. निकालाची तारीख कुणी पक्की सांगत नाही. पुण्याचे नाव मोठे आहे आणि नावाचा उपयोग होतो, हे खोटे नाही. पण शुल्क परवडण्यासारखे आहे, घर तीन तासांवर आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला पैठण, दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, भोकरदन हे सगळे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पुण्यात ते पुस्तकात वाचावे लागेल. तेव्हा आधी विभागात जा. तिथे आत्ता कोण शिकवते ते नावानिशी विचार. मागच्या वर्षीच्या मुलींना गाठून तास होतात का ते विचार. संध्याकाळी ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते ते पाहा. वसतिगृहात खोली मिळेल का, आणि मिळाली तर कुणाबरोबर, तेही पाहा. आमच्या वहीच्या कागदावर हेच प्रश्न होते. प्रश्न चांगले होते. खोलीचा प्रश्न मात्र दोघांसाठी सारखा नव्हता, आणि ते मी तेव्हा पाहिले नाही.

ती म्हणाली, "मग तुम्ही या ना दाखवायला." मी सोबत्याला विचारले. बँकेतून निवृत्त होऊन तो आता तिथेच राहतो. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, त्याच्या तोंडात अजून औरंगाबादच येते. मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही तिघे त्या वाटेने गेलो. त्याने तिला सगळे दाखवले, कारण तो तिथे पाच वर्षे होता. मी मागून चालत होतो.

हा लेख लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिला. दोन दिवसांनी फोन आला. त्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली, खानावळ नव्वदला नव्हती, पंच्याऐंशीला होती, आणि रविवारी संध्याकाळी बंद असायची. ही मी केलेली नाही, कारण माझ्या डायरीत नव्वद आहे आणि यावर आमचा वाद चालू आहे.

दुसरी कागदांची. "खिडकीतून नव्हं," तो म्हणाला. "दारातून दिलीस. चुलते होते ओट्यावर, तरी तू दारात आलतास. बोलला नाहीस, पण आलतास." मला खिडकीच आठवते. लोखंडी गज आणि त्यांतून जाणारी पिशवी. आता कोणाची आठवण खरी धरायची? इतिहासाचा नियम असा की घटनेशी जास्त जवळचा असतो त्याची साक्ष घ्यावी. इथे दोघेही दोन फुटांवर होतो. म्हणून मजकुरात खिडकी ठेवली आहे आणि त्याचे म्हणणे इथे नोंदवले आहे.